काळ्या शिंगातून परतलेला उजेड

…आणि लाल दिवा लागलेला असला की दार उघडायचं नाही म्हणजे नाही. मग आत आग लागो नाहीतर बाहेर. हा नियम आमच्या प्रयोगशाळेत इतका मुरला होता, की एकदा साहेबांची सासू त्यांना भेटायला आली, ती तासभर त्या दिव्यासमोर स्टुलावर बसून राहिली आणि शेवटी शिपायाजवळ निरोप ठेवून गेली, "दिवा विझला की जावयांना सांगा, मी येऊन गेले." साहेब त्या दिवशी रजेवर होते. दिवा माझ्या वहिनीचा होता.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. त्या दिव्याच्या आत, तळघरातल्या काळ्या खोलीत, ती सव्वीस वर्षं बसली. मी त्याच इमारतीत वायरमन. दिवे लावणं, विझवणं, जळालेले बदलणं ही माझी चाकरी. ज्या शुक्रवारची गोष्ट मी सांगायला घेतली आहे, त्या शुक्रवारी जे झालं ते माझ्या हातून झालं, हे आधीच कबूल करून टाकतो. म्हणजे तुम्ही बोल लावायला मोकळे आणि मी सांगायला मोकळा.

आधी खोली बघून घ्या. चौदा पायऱ्या उतरायच्या. जाड दार, मग जाड काळा पडदा. भिंती काळ्या, छत काळं, टेबल काळं. चहाचा कप तेवढा पांढरा होता, तोही साहेबांनी रंगवून घेतला. टेबलावर एक लोखंडी पेटी, पेटीत प्रखर दिवा, आणि दिवा फार तापू नये म्हणून घरघरणारा पंखा. पेटीच्या बारीक भोकातून उजेडाची रेघ निघायची, हातभर लांब काचेच्या नळीतून आरपार जायची आणि पलीकडे एका काळ्या शिंगात शिरायची. ते शिंग म्हणजे काचेचीच एक वाकडी, निमुळती होत गेलेली नळी, बाहेरून काळा रंग दिलेली. उजेड एकदा तिच्यात शिरला की या कडेवर आपट, त्या कडेवर आपट, असं करत टोकाशी जाऊन मरायचा. परत फिरायचा नाही. साहेब त्याला सापळा म्हणायचे. उंदराच्या सापळ्यात निदान काहीतरी खायला ठेवतात, इथं तेही नाही.

नळीत कधी पाणी भरायचे, कधी कसलं कसलं तेल, कधी नळी काढून तिथं काचेचा ठोकळा ठेवायचे. वहिनी बाजूच्या भिंगातून त्यात बघायची. आता तुम्ही म्हणाल, उजेड सरळ निघून गेला तर बाजूनं बघणाऱ्याला दिसणार काय? हाच तर मुद्दा. मी चौथीत असताना आमच्या गुरुजींनी आम्हाला कौलाच्या फटीतून आलेला कवडसा दाखवला होता. "पोरांनो, काय दिसतं?" आम्ही एका सुरात ओरडलो, "उजेड!" गुरुजींनी सगळ्यांना हलू नका म्हणून सांगितलं, जमिनीवर पाणी शिंपडलं आणि धूळ खाली बसेपर्यंत थांबले. खांबासारखा दिसणारा तो कवडसा हळूहळू विरत गेला. जमिनीवरचा ठिपका तसाच, पण मधला खांब गायब. गुरुजी म्हणाले, "उजेड कधी दिसत नसतो. उजेडाच्या वाटेत जे येतं, ते दिसतं." शाळेतलं बाकी सगळं विसरलो, अगदी पाढेसुद्धा, पण हे काही डोक्यातून गेलं नाही.

वहिनीचं काम तेच, फक्त फार नाजूक. द्रव शंभरदा गाळून, उकळून, थंड करून असा स्वच्छ करायचा की त्यात धुळीचा कणही राहू नये. मग बघायचं. गंमत अशी, की तरीही तो द्रव किंचित झळकतो. धूळ असली की भिंगात ठिणग्या चमकतात; धूळ गेली की ठिणग्या जातात आणि मागे एक मंद, निळसर झाक उरते. ती त्या द्रवाची स्वतःची. आत त्याच्या कणांची सतत चलबिचल चाललेली असते, कुठे जरा दाटी, कुठे जरा विरळ, आणि उजेड तेवढ्यालाही अडखळतो. कोणत्या पदार्थात किती अडखळतो हे मोजण्यात आमच्या साहेबांची हयात गेली. मोजायचं कशानं? वहिनीच्या डोळ्यांनी. भिंगात अर्ध्या गोलात नळीची झाक दिसायची, अर्ध्यात दुसऱ्या दिव्याची. त्या दुसऱ्या दिव्यासमोर करडी काचपट्टी, एका टोकाला स्वच्छ, दुसऱ्या टोकाला काळीभोर. ती सरकवत जायची. दोन्ही अर्धी एकसारखी झाली, मधली रेघ पुसली गेली, की पट्टीच्या खाचा बोटानं चाचपून आकडा बोलायचा. बाहेर बोळात एक आकडेवाला बसायचा. भिंतीतून काढलेल्या पत्र्याच्या बोलनळीतून आकडा ऐकायचा आणि वहीत लिहायचा.

वहिनी अठ्ठाविसाव्या वर्षी तिथं बाटल्या धुवायला लागली होती. आताच्या साहेबांच्या आधीच्या, जुन्या साहेबांनी एकदा सहज तिला भिंगापाशी बसवलं. जिथं कुणालाच काही दिसत नव्हतं तिथं ही म्हणाली, "डावीकडचं जरा उजळ आहे." त्यांनी पट्टी केसभर सरकवली. ही म्हणाली, "आता उजवीकडचं." वीस वेळा केलं, वीसही वेळा बरोबर. जुने साहेब टाळी वाजवून म्हणाले, "बाई, असे डोळे लाखात एक!" झालं. त्या एका शाबासकीनं तिला जे खाली नेलं ते नेलं.

माझं म्हणणं नेहमी असं, की शिव्या खाणारा माणूस सुटतो, कौतुक झालेला अडकतो. वर नमुने तयार करायची खोली होती, तीन खिडक्यांची. बाहेर झाड, झाडापलीकडे रस्ता. वहिनीला तिथं जायचं होतं. दरवर्षी अर्ज करायची. साहेब चष्मा पुसत म्हणायचे, "ताई, एवढी मालिका संपू दे. तुमच्यासारखे डोळे मी कुठून आणू?" एक मालिका संपली की दुसरी सुरू. तिच्या अर्जाचं असं भिजत घोंगडं बारा वर्षं पडलं होतं. डोळ्यांऐवजी वापरायची यंत्रं तेव्हा निघाली होती, आमच्याकडे येणार होती; पण 'येणार' या शब्दावर आमच्याकडे माणसं निवृत्त व्हायची.

घरी तरी काय? दादा शिंपी. दोन खोल्या, एकच खिडकी, आणि खिडकीसमोर चार हातांवर शेजाऱ्याची पांढरी भिंत. आभाळ बघायचं तर खिडकीत मान घालून वर वळवावी लागे. वहिनी त्या भिंतीवरून येणाऱ्या उजेडाला 'उसना उजेड' म्हणायची. कामावरून बाहेर पडली की कपाळावर हात आडवा धरून पाच मिनिटं नुसती उभी राहायची. रस्त्यावरची माणसं तिला वाट चुकलेली समजून पत्ता विचारायची.

पण बाई मोठी गमतीची. मिठाचा खडा उचलून दाखवायची, "बघा भाऊजी, काचेसारखा आरपार. आणि कुटला की?" पांढरा. "रंग घातला का कुणी?" नाही. "मग पांढरा आला कुठून? नुसत्या कडा वाढल्या. उजेडाला जागोजाग ठेच लागली, तो चहूकडे उधळला, त्याला आपण पांढरं म्हणतो." कागदावर तेलाचा थेंब पाडून तो दिव्यासमोर धरायची, थेंबापुरता कागद उजळायचा. "धाग्यांमधल्या फटी तेलानं भरल्या. आता ठेच नाही, उजेड सुखानं जातो." दादा मशीनवरून मान वर न करता म्हणायचा, "तेल संपलं की बाईसाहेबांना कागदच तळायला सांगतो."

आता त्या शून्याकडे येतो. रोज काम सुरू करण्याआधी रिकामी, हवा काढून घेतलेली नळी बसवायची आणि बघायचं. काही दिसता कामा नये. वहिनी बोलनळीत म्हणायची, "शून्य." आकडेवाला लिहायचा, शून्य. त्यावरून पुढचं सगळं मोजायचं. जुन्या साहेबांचा दंडक होता: आधी अर्धा तास अंधारात नुसतं बसायचं. हरभरे भिजत घालतात तसे डोळे भिजत घालायचे. मग शून्य बघायचं, मग बाकीचं. सहा वर्षांपूर्वी एका थंडीत वहिनीनंच आताच्या साहेबांना सुचवलं, "साहेब, शून्य ते काळंच असतं. दहा मिनिटांत बघून टाकते. द्रवाची झाक जास्त असते, तिला तेवढे भिजलेले डोळे पुरतात." साहेबांना वेळ वाचतो म्हटल्यावर आनंदच. रोजची वीस मिनिटं वाचली. ती वीस मिनिटं वहिनी दुपारी मागच्या पायऱ्यांवर उन्हात बसायची, डबा मांडीवर ठेवून, डोळे मिटून. चोरून नाही, हक्कानं. मी तिथंच डबा खायचो, म्हणून मला माहीत.

आणि मग एका गुरुवारी साहेबांची मालिका खरंच संपली. सव्वीस वर्षांचे आकडे एकत्र करून त्यांचा ग्रंथ छापायला जायचा होता. वहिनीच्या हाती कागद पडला: सोमवारपासून वरच्या नमुना खोलीत. नोकरीची चार वर्षं उरलेली. तिनं तो कागद मला तीनदा वाचायला लावला. "सही साहेबांचीच आहे ना, भाऊजी? नीट बघा." शुक्रवारी फक्त शेवटच्या काचेच्या ठोकळ्याची एक फेरी तपासायची राहिली होती.

शुक्रवारी सकाळी मी त्या खोलीचं बटण बदलायला गेलो. ते दुहेरी बटण होतं: वर केलं की आतला पांढरा दिवा लागतो, बाहेरचा लाल विझतो, खाली केलं की उलट. जुनं बटण काढलं, तर नवं स्टोअरमध्ये नाही. वहिनीचं काम अडायला नको म्हणून मी लाल दिव्याच्या तारा सरळ जोडून टाकल्या, म्हणजे लाल सतत लागलेला आणि आतला पांढरा बंद, जुनं बटण दिसायला तसंच भिंतीला लावलं आणि मनाशी म्हटलं, दहाला नवं आलं की बसवतो, वहिनीला वाटेत सांगतो. वाटेत मला भेटला स्टोअरवाला. त्याला एक गोष्ट सांगायला लागलो. माझ्या गोष्टींचं तुम्हाला ठाऊकच आहे.

वहिनी नऊला आत गेली. अंधाराची इतकी सवय, की पांढरा दिवा लावायची तिला गरजच पडली नाही. दार जुनं, सैल. आपोआप किलकिलं व्हायचं आणि बोळातला उजेड आत शिरायचा, म्हणून सुतारानं त्याला बाहेरून कडी बसवली होती. आकडेवाल्यानं रोजच्यासारखी कडी लावली. आत दिवा लागून लाल विझला की तो कडी काढायचा. पण त्या दिवशी त्याची दाढ ठणकत होती. हिचे डोळे भिजेपर्यंत दाताच्या डॉक्टरकडे जाऊन येऊ, असा विचार करून तो सटकला. जाताना बोलनळीतून उजेड जाऊ नये म्हणून तिच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबून गेला. डॉक्टरनं दाढ उपटली, गाल भोपळ्याएवढा सुजला, आणि तो तसाच घरी जाऊन झोपला.

दहा मिनिटांनी वहिनी आतून म्हणाली, "शून्य." उत्तर नाही. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली. मग उठून बटण दाबलं. अंधारच. वर, खाली, वर, खाली. दार ढकललं, हललं नाही. हाका मारल्या, तर पंख्याची घरघर. पेटीचं झाकण उघडून तिच्या उजेडात काही करावं, तर ते चार स्क्रूंनी आवळलेलं आणि चटका बसेल असं तापलेलं.

बाहेर बोळाच्या तोंडाशी शिपाई होता. त्याचं प्रत्येक वाक्य 'हुकूम आहे' किंवा 'हुकूम नाही' असं संपायचं, म्हणून आम्ही त्याला हुकूमच म्हणायचो. त्याला बोलनळी पुटपुटताना ऐकू आली होती. तो नंतर म्हणाला, "ताई आकडे बोलत होत्या. आकडे ऐकायचा मला हुकूम नाही."

एक वाजला. मी मागच्या पायऱ्यांवर डबा उघडून बसलो. वहिनी आली नाही. खाली जाऊन बघितलं, तर लाल दिवा लागलेला. म्हटलं, काम चाललंय, आणि काय सांगू तुम्हाला, मी परत येऊन निम्मा डबा खाल्ला! ज्या हातांनी तारा जोडल्या त्याच हातांनी. घास तोंडात असताना आठवलं. 

धावत गेलो तर हुकूम दारासमोर आडवा.

"लाल दिवा आहे."

"अरे, तो दिवा मी लावलाय!"

"कुणीही लावो. दिवा आहे तर दार नाही."

"वहिनी आत अडकली आहे!"

"दिवा विझवा, मग उघडा. तसा हुकूम आहे."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी स्टूल ओढलं, वर चढलो आणि दिव्याचा गोळा धगधगता असताना, शर्टाच्या टोकानं धरून, फिरवून काढला. हात पोळला. दिवा विझला. त्याबरोबर हुकूमनं स्वतःच्या हातानं कडी काढली आणि सलाम ठोकला.

मला वाटलं, वहिनी रडत असेल, नाहीतर माझ्या थोबाडीत देईल. ती भिंगाला डोळा लावून बसली होती. मान न वळवता म्हणाली, "दार लावा, भाऊजी. उजेड येतोय."

संध्याकाळी घरी जाताना तिनं सांगितलं. आधी भिंती अंगावर आल्यासारख्या झाल्या. "सव्वीस वर्षं रोज तिथं बसले. कधी काही वाटलं नाही, कारण दार होतं. दार नाही म्हटल्यावर कळलं खोली केवढीशी आहे ती." दारावर मुठी आपटून हात सोलवटले होते. मग दमून स्टुलावर बसली. करायला काहीच नाही, म्हणून सवयीनं डोळा भिंगाला लावला. नळी रिकामीच होती, शून्याची. आणि त्या शून्यात तिला काहीतरी दिसलं. काचेवर फुंकर घातल्यावर वाफ धरते ना, तेवढीच धूसर झाक.

"मला वाटलं, डोळ्यांचे भास. डोळे मिटून शंभर आकडे मोजले. उघडले, झाक होतीच. उजेडाच्या वाटेत वहीचं पुठ्ठं धरलं, गेली. काढलं, आली. मग हात लांबवून शिंग जरासं फिरवलं, भाऊजी, तर ती झाक हलली."

"म्हणजे?"

"शिंगाचा रंग कुठंतरी उडालाय. सापळ्यात गेलेला उजेड परत येतोय. अगदी थोडा. दहा मिनिटांच्या डोळ्यांना न दिसणारा."

मला वाटलं, असेल थोडा, त्यानं काय आभाळ कोसळतंय? पण ती चालायची थांबली. भरपूर झळकणाऱ्या द्रवांना त्याचा काही धक्का नव्हता. पण साहेबांचा सगळा ग्रंथ उभा होता तो सर्वांत स्वच्छ द्रवांवर आणि सर्वांत स्वच्छ काचांवर, ज्यांची झाक मुळातच एवढीशी. तिथं ही चोरटी झाक निम्म्यानं मिसळलेली. रंग कधी उडाला, परवा की सहा वर्षांपूर्वी, कुणी सांगावं? अर्ध्या तासाचा दंडक मोडला, तेव्हापासून शून्य कुणी धड पाहिलंच नव्हतं. सहा वर्षांचे आकडे पुन्हा घ्यायचे, म्हणजे कमीत कमी दोन वर्षं. आणि घेणार कोण? काळ्या खोलीत बसून तेवढं बघू शकणारा माणूस आमच्याकडे एकच होता, आणि सोमवारपासून तो तीन खिडक्यांच्या खोलीत जाणार होता.

रविवारी मी सकाळीच त्यांच्याकडे गेलो. दादा खिडकीशी मशीनवर, वहिनी भाजी निवडत.

"वहिनी, तोंड उघडू नका," मी म्हटलं. "तुमच्याशिवाय कुणाला दिसलं नाही, दिसणारही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"झाकायला मूठ रिकामी तरी हवी, भाऊजी. माझ्या मुठीत साहेबांचे आकडे आहेत."

"साहेबांनी तुमचे अर्ज बारा वर्षं मुठीत ठेवले, त्याचं काय?"

"ते त्यांचं." तिनं एक देठ मोडलं. "वीस मिनिटांची हाव मला सुटली होती. काळंच असतं, असं मी म्हटलं. सहा वर्षं मी शून्य बोलत होते. बघत नव्हते."

"हाव कसली? उन्हात बसलात! ऊन काय कुणाच्या बापाचं आहे?"

त्यावर ती हसली, पण लगेच भाजीचं ताट बाजूला सारून म्हणाली, "मला परत खाली जायचं नाहीये हो. शुक्रवारी दार उघडलं ना, तेव्हा मी तुम्हाला 'दार लावा' म्हटलं, आणि घरी येऊन तेच आठवत राहिले. मी असं कसं म्हटलं? कुणी दार उघडलं, तर माणूस बाहेर पळतो. मी तिथं इतकी मुरले, की मलाच दार नको झालं?"

 मशीन चालू होतं. दादानं पाय थांबवला आणि म्हणाला, "सदऱ्याच्या आत एखादी शिवण उसवलेली राहिली, तर घालणाऱ्याला दिसत नाही. रस्त्यानं तो पुढून जातो आणि मला ती दिसते, कारण शिवलेली मीच असते." एवढं बोलून पुन्हा मशीन सुरू. मी त्याच्यावर खेकसलो, "तू गप रे! तुझ्या सदऱ्यांच्या आत सगळंच उसवलेलं असतं." पण वहिनी समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत राहिली होती.

सोमवारी सकाळी मी साहेबांच्या खोलीत शिडीवर होतो. तिथला दिवा खरं म्हणजे चांगला होता. मी तो उगाच काढून पुन्हा लावत होतो, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही. वहिनी आली, बदलीचा कागद हातात घेऊन. उभ्यानंच तिनं सगळं सांगितलं: शिंग, रंग, झाक, दहा मिनिटं, आणि ती कुणी सुचवली तेही. काही गाळलं नाही. माझ्या तारांबद्दल मात्र एक अक्षर बोलली नाही.

साहेबांनी चष्मा काढला. छापायला जायच्या कागदांचा गठ्ठा टेबलावर दोरीनं बांधून तयार होता. ते त्याच्याकडे बघत बसले.  मी एकच स्क्रू तीनदा आवळला.

मग म्हणाले, "तुम्ही सांगितलं नसतं, तर हे कळलं नसतं."

"हो, साहेब."

"ताई, त्या कागदावर माझी सही आहे. मी ती परत घेणार नाही. वरची खोली तुमची. खाली बसवू आपण दुसऱ्या कुणाला तरी."

"कुणाला?" वहिनी म्हणाली.

साहेब गठ्ठ्याची दोरी चाचपत राहिले. बाहेर हुकूम खोकला.

"कुणाला, साहेब?"

साहेब उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा तिच्यापुढे मान खाली घालताना बघितलं. अगदी हळू विचारलं, "तुम्ही जाल परत खाली?"

वहिनीनं बदलीच्या कागदाची नीट घडी केली. टेबलावर ठेवली नाही, फाडली नाही. स्वतःच्या पिशवीत घातली. आणि म्हणाली:

"जाते, साहेब, पण या कागदावरची तारीख दोन वर्षं पुढची करून द्या, बदली पुसू नका, अर्धा तास म्हणजे अर्धा तास बसेन, आणि दाराची कडी आज बाहेरून काढून आतून बसवून घ्या."